तिरकी खार

खारूताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. छापखान्यात त्या खारूताई, सासरी खारूवहिनी, आणि नवरा चिडला की नुसतंच “ए खारे!” म्हणायचा. हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या कॉम्प्युटरमुळे. ज्या कंपनीचा तो कॉम्प्युटर होता, त्या कंपनीच्या प्रत्येक यंत्रावर पडद्याखाली एक बोटभर पितळी खार चिकटवलेली असायची. कंपनीचं मूळ नाव उच्चारायचं म्हणजे जिभेला गाठ पडायची, म्हणून सगळे तिला खारवाली कंपनीच म्हणत.

या कंपनीवर खारूताईंचा इतका जीव होता, की विचारू नका. छापखान्यात त्या लेबलं बनवायच्या. जॅमच्या बरण्या, खोकल्याचं औषध, बुटांचं पॉलिश, जे येईल त्याचं लेबल आधी त्यांच्या पडद्यावर तयार व्हायचं आणि मग मशीनवर जायचं. अकरा वर्षांपूर्वी मालकांच्या मागे भुणभुण लावून त्यांनी हा कॉम्प्युटर घ्यायला लावला होता. तेव्हापासून दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. सकाळी आल्या आल्या मऊ फडक्याने आधी खार पुसायच्या, मग पडदा, आणि मग स्वतःचा चष्मा.

बरं, एकटीने प्रेम करून गप्प बसावं, तर तेही नाही. भेटेल त्याला त्या खारीची दीक्षा द्यायच्या. एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या होत्या. तोंडात आरसा, कापूस, नळी, सगळं कोंबलेलं. तरी बोटाने टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे दाखवून, भुवया उंचावून त्यांनी विचारलंच, की हा कुठल्या कंपनीचा? दुसऱ्याच कंपनीचा निघाला. खारूताईंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, दाताची कळ आली.

धाकटे दीर टायरच्या दुकानात कामाला होते आणि वहिनींना डिवचणं हा त्यांचा रविवारचा कार्यक्रम होता.

“वहिनी, खार झाडावर शोभते. टेबलावर नाही.”

“आणि भावजी, तुमचा तो डबा? तो सुरू व्हायला लागतो तेवढ्या वेळात झाड उगवेल, वाढेल आणि त्यावर खारही येईल.”

नवरा या भांडणात पडत नसे. तो प्लंबर होता. “माझ्या पान्यावर कुठल्या कंपनीचं नाव आहे, ते मी आजवर वाचलेलं नाही,” एवढंच तो म्हणायचा आणि वर्तमानपत्र उलटायचा.

खारूताईंच्या कॉम्प्युटरवरची खार सरळ नव्हती. किंचित तिरकी होती, शेपूट वर आणि नाक खाली. बघणाऱ्याच्या हे लक्षात आलं, की ताईंची कळी खुलायची. “तिरकी नाही हो ती, उडी मारायच्या बेतात आहे. कंपनीने मुद्दाम तशी बसवलीय. थांबायचं नाही, पुढच्या फांदीवर जायचं, असा अर्थ आहे त्याचा.” हा अर्थ त्यांनी कुठे वाचला नव्हता, त्यांचा त्यांनाच सुचला होता. पण अकरा वर्षांत तो इतक्या जणांना सांगून झाला होता, की आता त्यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. नव्या यंत्रांवर खारी अगदी सरळ यायला लागल्या, तेव्हा त्यांनी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं, की तुम्ही खारीचा जीवच काढून घेतलात.

अशी एकूण सदतीस पत्रं त्यांनी कंपनीला लिहिली होती. कधी कौतुक, कधी सूचना, कधी नुसतीच विचारपूस. प्रत्येकाला एकच उत्तर यायचं, “आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभारी आहोत.” ती सदतीस उत्तरंही त्यांनी फाइलमध्ये लावून ठेवली होती.

आणि एके दिवशी दुपारी कंपनीतून फोन आला.

फोन ठेवल्यावर खारूताई फडकं घेऊन पुसलेलीच खार पुन्हा पुन्हा पुसत सुटल्या. मालक घाबरले. “ताई, घरी सगळं ठीक ना?”

“माझ्यावर जाहिरात करणार आहेत,” खारूताई म्हणाल्या. “टीव्हीवर. इथे येणार आहेत. माझी पत्रं वाचली त्यांनी.”

पुढचे आठ दिवस छापखान्यात लगीनघाई उडाली. मालकांनी पुढच्या भिंतीला रंग काढला, स्वतःला दोन शर्ट घेतले आणि ‘कोणता जास्त उद्योजकासारखा दिसतो’ हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं. खारूताई घरी आरशासमोर उभं राहून बोलण्याची तयारी करत. नवरा बेसिनखाली शिरून नळी बसवत होता, त्याला त्या म्हणाल्या, “ऐका हं. ‘हे यंत्र म्हणजे माझा उजवा हात आहे.’ कसं वाटतं?”

बेसिनखालून आवाज आला, “आणि मी?”

“तुम्ही तो पाना धरा नीट.”

ठरल्या दिवशी सकाळी सात माणसं आली. त्यांची पुढारी एक दिग्दर्शिकाबाई. उंच, काटकुळी, बोलायला गोड, पण थांबायला वेळ नाही अशी. तिने छापखाना एकदा डोळ्यांखालून घातला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. कागदाची रिमं मागे गेली, शाईचे डबे रंगांप्रमाणे रांगेत लागले, कोपऱ्यात कुंड्या आल्या. शाईचा वास जाईना, तेव्हा कुणीतरी सुगंधी फवारा मारला. त्याने मालकांना शिंका सुरू झाल्या आणि त्यांच्या नव्या शर्टासकट त्यांना बाहेर बसवण्यात आलं.

मग एक लाकडी पेटी आत आली. ती वाहून आणणारे गृहस्थ पन्नाशीचे, जाडजूड, हातात पांढरे मोजे घातलेले. सगळे त्यांना ‘पेटीवाले’ म्हणत होते. त्यांनी पेटी उघडली, फोम बाजूला केला आणि आतून कंपनीचं अगदी नवं, अजून दुकानातही न आलेलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. खारूताईंचा जुना कॉम्प्युटर त्याआधीच उचलून मागच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांवर ठेवला होता.

खारूताईंनी नव्या यंत्राचं फक्त चित्र पाहिलं होतं. जवळून ते किती पातळ होतं! त्या हळूच खुर्चीत बसल्या, पदराने हात पुसले आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

“वायर लावायची राहिली वाटतं,” त्या म्हणाल्या.

“नाही नाही, ते चालू नसतं,” दिग्दर्शिका म्हणाली. “डमी आहे. आत काही नाही. पडद्यावरचं चित्र आम्ही नंतर बसवतो. तुम्ही फक्त त्याच्याकडे बघायचं, आनंदाने. जुनी मैत्रीण भेटल्यासारखं.”

“आत काही नाही?”

“काही नाही. नुसतं खोकं.”

खारूताईंनी बघितलं. दिग्दर्शिका म्हणाली, थोडं अजून आनंदाने. पुन्हा बघितलं. मग म्हणाली, थोडं कमी. सहा वेळा बघून झाल्यावर ती कॅमेरावाल्याला हळूच म्हणाली, “डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखा चेहरा आहे.” हळूच म्हणाली खरी, पण छापखान्यात आज मशीन बंद होतं आणि अशा शांततेत टाचणी पडली तरी ऐकू जाते.

“बरं, टाइप करून दाखवा,” दिग्दर्शिका म्हणाली.

खारूताईंनी कळांवर बोटं ठेवली. कळा खाली जाईनात. त्या चक्क एकसंध होत्या, पाटीवर खडूने काढाव्यात तशा.

“आणि आता बोला. ‘गेलं वर्षभर मी याच्यावर काम करतेय.’”

“पण हे तर अजून बाजारात आलेलंच नाही.”

“जाहिरात येईल तेव्हा आलेलं असेल.”

“तेव्हासुद्धा वर्ष झालेलं नसेल. अहो, मी माझ्या जुन्यावर काम करते. अकरा वर्षं. एकदाही बंद पडला नाही. हे सांगते की! हे तर जास्त चांगलं आहे.”

दिग्दर्शिकेने समजुतीच्या स्वरात सांगितलं, की जुनं यंत्र चांगलं चालतं असं सांगितलं, तर नवं घेणार कोण? खारूताई उठल्या, “पाणी पिऊन येते,” म्हणाल्या आणि सरळ मागच्या खोलीत निघून गेल्या.

मागच्या खोलीत पेटीवाले कागदाच्या रिमांवर बसून पाव खात होते. खारूताईंना बघून ते उठायला लागले.

“बसा बसा. मी पण जरा बसतेच.” त्या त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरशेजारी टेकल्या. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते यायचं काही कारण नाही, असं त्या स्वतःला बजावत होत्या.

पेटीवाल्यांनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. बघता बघता त्यांची नजर जुन्या कॉम्प्युटरवर गेली. त्यांनी पाव खाली ठेवला, मोजे काढले आणि वाकून पडद्याच्या बुडाचा नंबर वाचला.

“हा आमच्या लाइनीवरचा,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“कारखान्यात होतो मी. नऊ वर्षं. तीन नंबरची लाइन. या कळा आम्हीच बसवायचो. प्रत्येक कळ बोटाने दाबून बघायची, आवाज बरोबर आला की पुढे. दिवस संपता संपता बोटांत काही राहायचंच नाही.” त्यांनी एक कळ दाबली, कान तिरका केला आणि मान हलवली. “अजून आवाज आहे.”

खारूताईंच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्या कुठे पळालं. त्या सरसावून बसल्या आणि त्यांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. कारखाना केवढा होता, पडदे कुठे बसायचे, तुमच्या घरी याच कंपनीचा असेल ना?

“माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही. दिवसभर खारी बघायच्या आणि घरी जाऊनही खारच बघायची?”

हे खारूताईंना जरा लागलं. पण इतकी आतली माहिती सांगणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता. त्यांनी अभिमानाने खारीकडे बोट दाखवलं. “आणि ही बघा. ही तिरकी बसवायची कल्पना कुणाची? उडी मारायच्या बेतात आहे असं दाखवायचं होतं ना?”

पेटीवाल्यांनी खारीकडे पाहिलं आणि ते एकदम हसायलाच लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“उडी कसली ताई! आमच्या लाइनीवर खारी चिकटवायला एक बाई होती. डावखुरी. यंत्रं पुढे सरकवणारा पट्टा सगळा उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेला. तिने सरळ लावली तरी ती तिरकीच बसायची. दर शनिवारी साहेबाची बोलणी खायची बिचारी. शेवटी मशीन आणलं चिकटवायला. मग झाल्या सगळ्या सरळ.”

“म्हणजे हे... मुद्दाम नाही?”

“मुद्दाम कसलं! डावा हात.”

खारूताईंच्या डोळ्यांसमोरून जॅमवाले गेले, पॉलिशवाले गेले, पोस्टमन गेला, मालकांचे व्याही गेले. सगळ्यांना त्यांनी पुढच्या फांदीवर उडी मारायला लावलं होतं. वरून कंपनीला पत्रही. त्यांना आधी कानापर्यंत लाज वाटली आणि मग पोटातून हसू यायला लागलं. इतकं, की बाहेरून मालक शिंकत धावत आले, ताईंना काय झालं बघायला.

“ती बाई आता कुठे असते?” डोळे पुसत त्यांनी विचारलं.

“मशीन आल्यावर तिने काम सोडलं. नदीपलीकडे रोपवाटिका टाकलीय. भाज्यांच्या बिया, रोपं. माझी बायको तिथूनच आणते.”

खारूताईंनी पत्ता लिहून घेतला. मग पदर खोचला आणि बाहेर जाऊन दिग्दर्शिकेला म्हणाल्या, “हे बघा बाई, तुमच्या खोक्याकडे बघून मला आनंद होत नाही, त्याला माझा इलाज नाही. पण संध्याकाळपर्यंत मला औषधाच्या बाटलीचं लेबल पुरं करायचंय. ते मी माझ्या मशीनवर करत बसते. तुम्हाला त्यातलं काय हवं ते घ्या.”

दिग्दर्शिका कंटाळली होती, आणि घड्याळही तिच्या बाजूने नव्हतं. जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीतच सुरू करून दिला. खारूताई कामाला लागल्या आणि पाच मिनिटांत विसरूनही गेल्या, की कुणी बघतंय. लाल रंग जरा जास्त होत होता, अक्षरं बाटलीच्या गोलाईवर दबत होती. त्या स्वतःशी पुटपुटत, कधी जीभ दाताखाली धरून अक्षरं सरकवत होत्या, मोजत होत्या. कॅमेरावाला त्यांच्या हातांपाशी येऊन बराच वेळ थांबला. निघताना पेटीवाल्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “कळा जपा.”

दोन महिन्यांनी जाहिरात लागली. सगळं घर दिरांकडे जमलं होतं, कारण त्यांचा टीव्ही मोठा. पडद्यावर एक स्वच्छ, पांढराशुभ्र छापखाना आला. खुर्चीत एक तरुण, सुरेख मुलगी. ती नव्या यंत्राकडे बघून असं गोड हसली, की जणू तिची हरवलेली जुळी बहीणच सापडली. मग पडद्यावर हात आले. कळांवरून भराभर फिरणारे, नखांच्या कडेला शाई आणि अंगठ्यावर कटरची जुनी खूण.

“अहो, हे माझे!” खारूताई ओरडल्या.

पुन्हा त्या मुलीचा चेहरा आला आणि जाहिरात संपली.

सगळे दिरांकडे बघत होते, कारण अशी संधी ते सोडतील हे शक्यच नव्हतं. दीर एकदा टीव्हीकडे आणि एकदा वहिनींकडे बघत राहिले. “वहिनी,” ते शेवटी म्हणाले, “चेहरा पंचविशीचा आणि हात पन्नाशीचे. त्या पोरीला बाहेर लोक काय विचारत असतील?”

पहिल्यांदा हसल्या त्या खारूताईच. मग सगळेच सुटले. नवऱ्याने एवढ्यात चष्मा लावला होता. “चेहरे काय, भाड्याने मिळतात,” तो म्हणाला आणि जाहिरात पुन्हा कधी लागते ते बघायला बसून राहिला. त्या संध्याकाळी त्याने ती चार वेळा पाहिली.

कंपनीने आभार म्हणून नवं यंत्र पाठवलं, आत सगळं असलेलं. खारूताईंनी त्यावर पहिल्याच दिवशी तीन लेबलं केली आणि ते किती चपळ आहे हे मालकांना दोन तास सांगितलं. मालकांनी हात जोडले तेव्हा उरलेलं कुरिअरवाल्याला सांगितलं. जुनं यंत्र मात्र त्यांनी हलवू दिलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसली आणि मालकांना जेवणाचा डबा ठेवायला जागा उरली नाही.

पुढच्या रविवारी खारूताई नवऱ्याला घेऊन नदीपलीकडे गेल्या. रोपवाटिका लहानशी, जाळीने झाकलेली. फाटकाशीच एक ठेंगणी, दणकट बाई रबरी बूट घालून डाव्या हाताने माती चाळत होती.

“कोणतं रोप हवंय?”

“रोप नको. म्हणजे, घेईन एखादं.” इतक्या वेळा मनात घोकून आलेलं सगळं खारूताई विसरल्या. त्यांनी मोबाइलवर काढलेला फोटो पुढे केला. “ही तुम्ही लावलेली.”

बाईने चाळणी ठेवली आणि फोटो लांब धरून, डोळे बारीक करून बघितला. “अगं बाई! माझीच ही. वाकडी!”

“वाकडी नाही, तिरकी.”

“वाकडीच. बोलणी खाल्लीयत मी हिच्यापायी.” पण तिने फोटो परत दिला नाही. “अजून चिकटून आहे?”

“अकरा वर्षं झाली. रोज पुसते मी.”

“रोज?” बाईने खारूताईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, डोकं ठिकाणावर आहे ना याची खात्री करावी तसं. मग म्हणाली, “चहा घेणार?”

चहा झाला. मध्ये नवऱ्याला कुठूनतरी ठिबकण्याचा आवाज आला. तो कुणाला न विचारता उठला आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसला. दोघी बायका बोलत राहिल्या. डाव्या हाताने कात्री कशी चालवायची, साहेब किती खडूस होता, कुठल्या मातीत काय येतं. बोलता बोलता खारूताईंची नजर फळीवरच्या बियांच्या पाकिटांवर गेली. साधी खाकी पाकिटं, वर बॉलपेनने नाव लिहिलेलं. निम्म्या पाकिटांवर ते पुसट झालं होतं.

“यांना लेबल नाही?”

“मला कोण करून देणार?”

खारूताईंनी पर्समधून मोजपट्टी काढली. काम नसलं तरी ती त्यांच्याकडे असायचीच. “मी करते. तुम्हाला चित्र कसलं हवं? मला तर वाटतं, एक छोटीशी खार...”

“खार सोडून काहीही!” बाई ताडकन म्हणाली. तिने वर जाळीकडे बोट दाखवलं. जाळीला तीन ठिकाणी भोकं पडली होती. “मेल्या खारी बिया उकरून खातात. गेल्या महिन्यात भोपळ्याचं अख्खं बी गेलं. दगड घेऊन मागे धावते मी त्यांच्या.”

खारूताईंनी पाकिटाची रुंदी मोजली.

“बरं, टोमॅटो चालेल?”

“टोमॅटो चालेल. पण लाल भडक नको. देठाजवळ हिरवा असतो, तसा.”

“हिरवा किती?”

“दाखवते,” बाई म्हणाली आणि रोपांच्या रांगेत शिरली. खारूताई चपला हातात घेऊन तिच्या मागोमाग गेल्या. टाकीजवळून नवरा ओरडून विचारत होता, की इथे कुणाकडे अर्ध्या इंचाचा वॉशर आहे का.